चाक फोडून दाखवा

घरात काही फुटलं, तुंबलं किंवा जळलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. तसं बघायला त्यांच्याकडे कारणं आहेत, मी नाही म्हणत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो की पहिलं चाक फुटलं तेव्हा मी तिथे नव्हतो. मी दर्पण कॉलनीत, आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक उलटा बसवत होतो. याला साक्षीदार आहेत. खालच्या मजल्यावर राहतात आणि त्या दिवशी भिजले होते.

चाक फुटलं ते माझ्या धाकट्या भावाच्या वर्कशॉपमध्ये. जयेंद्रगंजच्या मागच्या एका गल्लीत त्याची लांबट खोली आहे. वर पत्रा, आत एक लेथ, एक ड्रिल, आणि मधोमध उभं ग्राइंडर. दगड कोरणाऱ्यांच्या छिन्न्या, शिंप्यांच्या कात्र्या, सराफ्यातल्या कारागिरांची बारीकसारीक हत्यारं, या सगळ्यांना धार लावून देणं हा त्याचा धंदा. आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवारी घेऊन ग्वाल्हेरला आले म्हणतात. आता घराण्यात धारेशी संबंध ठेवून असलेला हा एकटाच. मी पाण्याकडे गेलो. माझी अख्खी नोकरी पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढण्यात आणि त्या गळतात का हे बघत फिरण्यात गेली.

ग्राइंडरचं चाक दिसायला लोखंडाहून कठीण असतं, पण त्याची जात चिनी मातीच्या कपाची. कठीण खड्याची भुकटी मातीत कालवून, दाबून, भट्टीत भाजलेली. लोखंड सहज खाईल, पण हातातून एकदा पडलं की आत केसाएवढी चीर जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ते इतकं वेगात फिरतं की जागच्या जागी थांबल्यासारखं वाटतं. त्या दुपारी छिन्नी टेकवायचा लोखंडी टेका आणि चाक यांच्यात फट जरा जास्त राहिली होती. छिन्नी त्या फटीत खेचली गेली आणि चाक फुटलं. एक तुकडा पत्रा फाडून वर गेला. एक कॅलेंडरमधून आरपार जाऊन भिंतीत रुतला. एक धाकट्याच्या कानाची पाळी खरवडून दाराबाहेर गेला. चाकावर गार्ड होता, नव्हता असं नाही. पण तो बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा. तोही एका स्क्रूवर लोंबत होता.

धाकटा कानाला पट्टी लावून घरी आला आणि म्हणाला, काही नाही, खरचटलंय. हे त्याने नेमकं नको त्या माणसाला सांगितलं. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या टेबलापुढे रोज कोणी ना कोणी ग्राइंडरवाला एक डोळा हाताने झाकून बसलेला असतो. ती दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर वर्कशॉपमध्ये गेली, त्याला म्हणाली, जिथे उभे होता तिथे उभे राहा. तो उभा राहिला. मग ती ग्राइंडरमागे जाऊन चाकाच्या जागेवरून त्याच्याकडे बघत राहिली, नंतर भिंतीतल्या भोकाकडे. भोक आणि त्याचं डोकं यांत फार अंतर नव्हतं.

त्याच संध्याकाळी निकाल लागला. वर्कशॉप बंद. तिच्या भावाचं टाइल्सचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर बसायचं.

धाकटा बसला. मी दोनदा जाऊन बघून आलो. गिऱ्हाईक बाथरूमचे रंग विचारत असायचं आणि हा टाइलच्या कडेवरून अंगठा फिरवत सांगायचा की हिची कड बरोबर कापलेली नाही. मेहुणा मोठा सोशिक माणूस. त्याने मला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं की दादा, ये माल बेचने बैठे हैं या फेल करने?

तेव्हा मी जाहीर केलं की ग्राइंडर सुरक्षित करून द्यायचं काम माझं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकोने गच्चीच्या दिशेने बघितलं. धाकटा म्हणाला, "दादा, तू ना, रहने दे." पण भावजयीने हातातलं काम ठेवलं.

"दादा, मला समजावून सांगू नका," ती म्हणाली. "चाक फोडून दाखवा. आतल्या आत फुटू दे आणि एकही तुकडा बाहेर येता कामा नये. त्या दिवसापासून हे परत मशीनवर उभे राहतील. नाही तर दिवाळीआधी मशीन विकायचं."

अट सरळ होती. मी कामाला लागलो.

गार्ड मी खरोखर चांगला बनवला. जाड लोखंडी प्लेट वाकवून घेतली, दोन्ही बाजूंना झाकणं, पुढे फक्त छिन्नी आत जाईल एवढं तोंड. तोंडाच्या वर सरकवता येणारी लोखंडाची जीभ, म्हणजे चाक झिजून लहान झालं की ती खाली आणायची आणि फट वाढू द्यायची नाही. टेका चाकाच्या अगदी जवळ आणला. समोर जाड पारदर्शक काच, न फुटणारी. आणि स्विच काढून दाराच्या चौकटीवर लावला, म्हणजे चालू करणारा माणूस चाकाच्या रेषेत उभाच राहणार नाही. इथपर्यंत सगळं कोणाही शहाण्या माणसाने केलं असतं तसं. पण वेल्डिंग माझ्या देखरेखीखाली झालं, आणि माझ्या देखरेखीला एकच गोष्ट कळते. मी प्रत्येक सांधा पक्का करून घेतला, गार्डच्या खालच्या भागात पाणी भरून ठेवलं आणि सकाळी येऊन पाहिलं. थेंब गळला नव्हता. मला फार बरं वाटलं. ग्राइंडरच्या गार्डमधून पाणी गळतं की नाही याच्याशी काय देणंघेणं, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी भांडलो असतो.

मग चाक. दुकानदाराकडे जाऊन मी त्याला नक्की फुटेल असं चाक मागितलं. त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "साहब, हमारे यहाँ टूटने वाला माल नहीं मिलता." मी त्याला अट समजावून सांगायला गेलो, तर त्याने आणखी एका माणसाला आतून ऐकायला बोलावलं. शेवटी निमूटपणे चांगलं चाक घेऊन आलो. त्याच्या दोन्ही बाजूंना मधोमध कंपनीचं नाव छापलेली गोल कागदी चकती चिकटवलेली होती. जाहिरात कशाला फिरवायची, म्हणून मी ती चाकूने खरवडून काढली. दोन्हीकडची, स्वच्छ. त्यानंतर चाकाच्या खोक्यातला कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की ही चकती कधीही काढू नये, चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडाचा दाब एकसारखा बसावा म्हणून ती असते. परत दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "टूट गया?" मी म्हणालो, नाही, सोलून निघालं.

नवं चाक आणून कागदात सांगितल्याप्रमाणे बोटावर लटकवलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारली. चाक धड असेल तर टण्ण असा आवाज येतो, चीर असेल तर बद्द. हे टण्ण वाजलं. बसवलं आणि रविवारी भावजयीला बोलावलं.

चाक फोडण्याची माझी पद्धत अशी होती की लांब बांबूला लोखंडाचा अँगल बांधायचा, दाराआड उभं राहून तो गार्डच्या तोंडातून आत खुपसायचा, आणि चाकाला अडकवून फोडायचं. धाकट्याने स्विच दाबला. मी बांबू पुढे केला. ठिणग्यांचा मोठा फवारा उडाला, अँगल झिजला, बांबू पेटला. आम्ही तो विझवला आणि परत खुपसला. या वेळी मोटर घुरघुरत जागीच थांबली आणि गल्लीतली वीज गेली. शेजारी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला पांढराशुभ्र होऊन दारात आला आणि अदबीने म्हणाला, "भाईसाहब, आज क्या नया कर रहे हैं?"

वीज आल्यावर मी चाक बंद ठेवून त्यावर लाकडी हातोडीने ठोके दिले. मग काढून टिचकी मारली. टण्ण. आधीपेक्षा गोड वाजलं असं मला वाटलं, पण ते मी बोललो नाही.

"हे फुटतच नाहीये," मी भावजयीला म्हणालो. "म्हणजे सुरक्षितच झालं की नाही?"

"पहिलंही फुटेपर्यंत सुरक्षितच होतं," ती म्हणाली, आणि पर्स उचलून ड्यूटीवर गेली.

धाकटा खाली मान घालून जळका बांबू उचलत होता.  सोमवारी तो परत टाइल्सवर गेला. ठोके खाल्लेलं ते चाक आम्ही ग्राइंडरवर परत चढवून ठेवलं, कारण पुढचा रविवार कधी ना कधी येणारच होता.

त्याआधी नवरात्र आलं. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. आता शस्त्र म्हणजे एक तलवार, तीही म्यानातून पूर्ण निघत नाही. धाकट्याने वर्कशॉप काढलं तेव्हापासून तलवारीबरोबर मशीनचीही पूजा होऊ लागली. रिवाज एवढाच की नवमीला पूजा करायची, त्यानंतर त्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून एकदा चालवायची. एरवी मशीनवर हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ, झालं. पण या वर्षी मला वाटलं की एवढ्यावर भागवू नये. माणसाकडून जे जमलं नव्हतं त्यासाठी वर अर्ज करायचा, तर तो नीट करावा.

मी सोवळं नेसून वर्कशॉपमध्ये गेलो. विजेची मोटर प्लास्टिकने गुंडाळली, म्हणजे अक्कल अगदीच घरी ठेवून आलो नव्हतो. मग चाकाला अभिषेक केला. पंचामृत, त्यावर हळदीचं पाणी, त्यावर साधं पाणी, तोंडाने मला येतात तेवढे सगळे मंत्र. धाकटा म्हणाला, दादा, मशीन आहे, फूल वाहून दे, पुरे. मी त्याला सांगितलं की तलवारीला पाणी चालतं तर मशीनने काय घोडं मारलंय. तलवार मात्र मी पूजेनंतर लगेच पुसून कोरडी केली, गंजेल म्हणून. चाक कुठे गंजतं?

गार्डच्या पुढच्या तोंडातून तांब्यामागून तांब्या मी आत ओतत होतो आणि खाली फरशीवर थेंबही पडत नव्हता. एवढं पाणी गेलं कुठे हा प्रश्न जगात कोणाला पडो न पडो, मला पडायला हवा होता. नाही पडला. मी मनात म्हटलं, देवाने घेतलं.

ते सगळं गार्डच्या तळात साचलं होतं. बाजूच्या झाकणांमुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. चाकाचा खालचा भाग रात्रभर त्या पाण्यात बुडून राहिला. भाजलेली माती ती, पाणी पिणारच. सकाळपर्यंत चाक खालच्या बाजूला जड आणि वरच्या बाजूला हलकं होऊन बसलं होतं, आणि पूजेतलं म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता.

दसऱ्याला सगळे आले. भावजय नवी साडी नेसून, कारण एकदाच, रिकामं चालवायचं, याला ती कबूल झाली होती. धाकट्याने विचारलं की चाक काढून टिचकी मारून बघूया का. मी म्हणालो, अरे, कालच पूजा झालीय, त्याला काय धाड भरणार? माळ काढली, नारळ उचलला, मोटरचं प्लास्टिक सोडलं आणि सगळ्यांना दाराबाहेर भिंतीआड उभं केलं. धाकट्याने स्विच दाबला.

सुरुवातीला आतून पिवळं-तांबडं पाणी सणसणत बाहेर आलं. दारातून, काचेवरून, छतावर. आम्ही सगळे रंगपंचमीतून उठून आल्यासारखे झालो. मग ग्राइंडर थरथरू लागलं. थरथरता थरथरता ते ठोके देऊ लागलं आणि फरशीत बोल्टने जखडलेला त्याचा पाय हलायला लागला. मी बंद कर म्हणेपर्यंत धाकट्याने बंद केलं होतं, पण चाक आपल्या वेगात होतं. आतून धप्प असा आवाज आला. पोत्यात मडकं फुटावं तसा. त्यानंतर थोडी खडखड.

कोणी आत जाऊ नका, भावजय म्हणाली. मोटर पूर्ण थांबेपर्यंत आम्ही बाहेरच उभे होतो. मग तिने आधी नवऱ्याचे दोन्ही डोळे मोबाइलच्या उजेडात, पापण्या वर करून तपासले. त्याचे झाले तसे माझेही. माझ्या डोळ्यांत फक्त हळद होती.

गार्ड उघडला. जागेवर होता, कुठे पोचा नाही, सांधा सुटलेला नाही. आत चाकाचे तुकडे. भावजयीने फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, साडी खोचून खाली बसली आणि एकेक तुकडा काढून जुळवायला लागली. अर्धे तुकडे आतपर्यंत काळपट भिजलेले, अर्धे फक्त वरवर माखलेले. ते जुळत गेले तसा मला माझा पराक्रम नकाशासारखा दिसायला लागला. पाणी कुठपर्यंत होतं त्याची रेघसुद्धा होती. आता ते पाण्यामुळे फुटलं की त्या रविवारच्या हातोडीने त्यात चीर घातली होती, हे सांगता यायचं नाही. दोन्हीकडून गुन्हेगार एकच.

चाक जवळजवळ पुरं झालं. फक्त कडेचा एक तुकडा नव्हता, अंगठ्याएवढा.

"हा कुठे आहे?" भावजयीने विचारलं.

 धाकट्याने फरशी बघितली, मी गल्लीत जाऊन आलो. भिंतींवर नवं भोक नव्हतं, पण ओल्या रंगाने सगळं असं माखलं होतं की असतं तरी कळलं नसतं. गिरणीवाला आपण होऊन त्याच्या दारातलं झाडून बघायला लागला. भावजय त्या रिकाम्या जागेकडे बघत बसून होती. अंगठ्याएवढ्या तुकड्याने काय होतं, ते तिला माझ्यापेक्षा आणि धाकट्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो सापडला नाही तर दिवाळीआधी मशीन जाणार, हे आता कोणी नव्याने बोलण्याची गरज नव्हती.

धाकट्याने नव्या सदऱ्याची बाही वर सारली आणि गार्डच्या तळाशी राहिलेल्या हळद-कुंकू-दुधाच्या चिखलात कोपरापर्यंत हात घातला. चाचपत राहिला. आधी झेंडूची पाकळी निघाली, मग एक खडीसाखर. मग त्याने मूठ बाहेर काढली, तुकडा धोतरावर पुसला, माझ्या धोतरावर, आणि वर्तमानपत्रावर नेऊन बसवला. बसला.

"बाहेर नाही आला," तो म्हणाला.

भावजयीने त्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "दादा, हे तुम्ही फोडलंत, की फुटलं?"

हो म्हणायचा मोह मला झाला होता. मुद्दाम भिजवलं, अट पुरी करायला, असं म्हटलं असतं तर घरात माझी किंमत वाढून कुठल्या कुठे गेली असती. पण अंगावर हळदीचे ओघळ घेऊन असं बोलणं जमेना.

"फुटलं," मी म्हणालो. "माझ्या अभिषेकाने."

"म्हणजे तुमच्यासारखा माणूस मध्ये आला तरी तुकडा आतच राहतो." हे तिने अगदी गंभीरपणे, हिशेब लावल्यासारखं म्हटलं. "मग ठीक आहे. गार्डला खाली भोक पाडून घ्या. नवं चाक टिचकी मारल्याशिवाय चढवायचं नाही आणि चष्म्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. आणि पुढच्या वर्षी पूजा हे करतील."

दसऱ्याला दुकानं बंद होती, म्हणून नवं चाक दुसऱ्या दिवशी आणलं. दुकानदाराला मी सांगितलं की फुटलं. त्याने बिल करताना माझं अभिनंदनही केलं नाही आणि माफीही मागितली नाही. धाकट्याने गार्डच्या तळाला भोक पाडलं. ड्रिल मी धरतो म्हणालो होतो, पण ते कोणी ऐकलं नाही असं दाखवण्यात आलं. मग चाक बोटावर लटकवून वाजवलं, चढवलं, हाताने फिरवून बघितलं, आणि बाजूला उभं राहून काही वेळ रिकामं चालवलं. ते थांबल्यासारखं दिसायला लागलं, इतकं सरळ फिरत होतं.

भावजय ड्यूटीवर जायच्या वाटेवर थांबली होती. धाकट्याने चष्मा लावला, दगडवाल्यांची पडून राहिलेली एक छिन्नी उचलली आणि टेक्यावर ठेवली. ठिणग्या काचेच्या आत खाली जात होत्या. तिने त्या कुठपर्यंत जातात ते बघितलं. तो तिच्याकडे नाही, छिन्नीच्या टोकाकडे बघत होता, तेही मग तिने बघितलं.

टाइल्सच्या दुकानातून तो रोज जेवायला घरी यायचा. ती दारातून निघताना म्हणाली, "डबा इथेच पाठवते."

मी विचारलं, "आणि माझा?"

"तुम्ही घरी जा, दादा," ती म्हणाली. "आत्ताच."